कवळी मंद आचेवर

टक्.

सकाळचं घर अजून अंथरुणात होतं. तिची छोटी लेक चिमणी उठायच्या आत चोरून मिळतो तेवढ्या वेळात सूनबाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपला प्रबंध उघडून बसली होती. त्या शांततेत न्हाणीघरातून आवाज आला, टक्. पाठोपाठ आणखी एक, जरा बारीक. आणि त्यानंतर जी शांतता पसरली ती आधीच्या शांततेपेक्षा वेगळी होती. काहीतरी मोडलंय, आणि जे मोडलंय ते मोडणाऱ्याला मान्य नाही, एवढं तिला त्या शांततेवरूनच कळलं.

दार उघडलं. अप्पा, म्हणजे तिचे सासरे, एका हाताने तोंड झाकून बाहेर आले आणि दुसरा हात त्यांनी तिच्यापुढे उघडला. तळहातावर त्यांची वरची कवळी होती. बरोबर मधोमध, दोन सारख्या वाटण्या झालेली. दोघा भावांत जमिनीची सुद्धा इतकी न्याय्य वाटणी होत नाही.

"अप्पा, बेसिनमध्ये पडली का?"

अप्पांनी होकारार्थी मान हलवली. बोलले मात्र नाहीत. बोलणारही नव्हते. हे गृहस्थ आयुष्यभर रेडिओवर बातम्या वाचत आले होते. पूर असो, निवडणूक असो, अप्पांच्या तोंडून ऐकली की माणसं म्हणत, बातमी वाईट आहे पण काय सुरेख सांगितली! असा माणूस बिनदातांचा फसफसणारा उच्चार जगाला ऐकवेल, हे शक्य नव्हतं. त्यांनी चिमणीची पाटी घेतली आणि लिहिलं, "उद्या सभा."

ते लिहायची गरज नव्हती. उद्या संध्याकाळी इमारतीची सर्वसाधारण सभा होती हे घरात सगळ्यांना पाठ होतं. इमारतीच्या मागे एक मोकळा तुकडा होता. एक झोपाळा, एक घसरगुंडी आणि वाळूचा चौकोन. चिमणी रोज संध्याकाळी तिथून चपलांमध्ये इतकी वाळू घेऊन यायची की काही वर्षांत तो चौकोन आपोआप वरच्या मजल्यावर आला असता. चेअरमनला तिथे गाड्या लावायच्या होत्या. आणि चेअरमनसमोर उभं राहून चार वाक्यं सलग बोलू शकेल असा अख्ख्या इमारतीत एकच माणूस होता. तो आता पाटीवर लिहीत होता.

जुनी एक कवळी होती. ती अप्पांना बसेनाशी झाली म्हणून चिमणीने आपल्या कापसाच्या अस्वलाला दिली होती. अस्वलाला मात्र ती चपखल बसली होती.

"त्यात काय एवढं?" सासूबाई डोळे चोळत आल्या. "घरात दातांची डॉक्टरीण आहे ना! सूनबाई देईल जोडून."

इथे थोडं थांबून सांगायला हवं की सूनबाई नुसती दातांची डॉक्टरीण नव्हती. दंतमहाविद्यालयात ती संशोधन करत होती, आणि तिचा विषय होता, कवळीचं ॲक्रिलिक कुठल्या पद्धतीने शिजवलं की जास्त मजबूत होतं. कवळी शिजवतात हे पुष्कळांना माहीत नसतं. पण गुलाबी पावडर आणि एक उग्र वासाचा द्रव कालवून जो गोळा होतो, तो साच्यात दाबून शिजवावाच लागतो. कुणी गरम पाण्यात संथपणे शिजवतं, कुणी उकळत्या पाण्यात घाईने, कुणी मायक्रोवेव्हमध्ये. आणि एक प्रकार असा की ज्याला आच लागतच नाही, तो आपला आपणच घट्ट होतो. सूनबाई या सगळ्या पद्धतींनी गुलाबी पट्ट्या तयार करायची आणि एका यंत्रात घालून त्या मोडेपर्यंत दाबायची. तिच्याइतक्या पट्ट्या त्या महाविद्यालयात कुणी मोडल्या नव्हत्या. जोडण्याचा प्रसंग मात्र प्रबंधात आला नव्हता.

तरी ती म्हणाली, "देते ना. आजच देते."

माणसाने असं वाक्य चहा घेतल्याशिवाय बोलू नये.

विभागात पोचल्यावर कळलं की तंत्रज्ञ रजेवर आहे आणि कवळ्या शिजवायच्या यंत्राला भांडारपालाने कुलूप घातलं आहे.

"मॅडम, पेशंटचं काम असेल तर पेशंट पाहिजे," भांडारपाल म्हणाला.

"पेशंट घरी आहे. दात नाहीत म्हणून बाहेर पडत नाही."

"मग दात बसवून या म्हणावं."

"दात बसवायला तर यंत्र पाहिजे ना!"

"यंत्राला पेशंट पाहिजे," भांडारपाल शांतपणे म्हणाला. त्याच्या बाजूने युक्तिवाद पूर्ण झाला होता.

ती विभागप्रमुखांकडे गेली. ते सज्जन होते, आणि सज्जन माणसाला नियमातून वाट काढायला फार आवडतं. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "असं करा. पेशंट म्हणून नको. तुमच्या संशोधनातला नमुना म्हणून ही कवळी दाखवा. नमुन्याला यंत्र लगेच मिळतं."

"थँक्यू सर!"

"फक्त एक. नमुना झाला की तो शेवटी मोडावा लागेल. मोडल्याशिवाय नमुन्याची नोंद बंद होत नाही. आणि तुकडे जमा करायचे."

"सर, तुकडे तर आत्ताच आहेत."

"ते नियमाप्रमाणे मोडलेले नाहीत," सर हळहळून म्हणाले.

तेव्हा सूनबाईने आपल्या खणातला पितळी साचा, थोडं प्लास्टर, पावडरीची आणि द्रवाची बाटली, थर्मामीटर असं सगळं पिशवीत भरलं आणि मान ताठ ठेवून घरी आली. तिचा बाणा असा की ज्ञान काही यंत्रात नसतं. ते डोक्यात असतं, आणि डोकं कुलपाबाहेर होतं.

संध्याकाळी तिने गॅलरीत दुकान मांडलं. आच न लागणारा प्रकार सगळ्यात सोपा. दोन तुकडे जुळवायचे, फटीत गुलाबी कालवण भरायचं, थोडा वेळ वाट बघायची. अडचण एकच, त्या द्रवाचा वास. तो वास पहिल्यांदा शेजारच्या गॅलरीत गेला, मग जिन्यात, आणि मग खालून पहारेकरी धावत आला. चेअरमनने विचारलंय की कुणाच्या घरी गॅस गळतोय का. त्याच्या मागोमाग दुसऱ्या मजल्यावरचे सर्वज्ञकाका आले. हे विम्यातून निवृत्त झालेले. जगात त्यांना माहीत नाही असा विषय नव्हता आणि विचारल्याशिवाय सांगायचं नाही असा त्यांचा स्वभाव नव्हता.

"काय, कवळी?" खुर्ची ओढत ते म्हणाले. "अहो, बुटाचा सोल चिकटवायचा गोंद मिळतो. आमच्या साडूंनी लावला होता."

"मग?"

"मग काय! आठवडाभर तोंड उघडलं नाही. मेहुणी म्हणते, लग्नानंतरचा सगळ्यात सुखाचा आठवडा."

आतून सासूबाईंना हसू आवरेना. अप्पांनी पाटीवर काहीतरी खरडलं आणि चिमणीपुढे धरलं. चिमणी नुकतीच वाचायला शिकली होती, त्यामुळे समोर येईल ते मोठ्याने वाचणं हे ती आपलं कर्तव्य समजत असे.

"यां-ना... घा-ल-वा," तिने खणखणीत वाचलं. "काका, तुम्हाला घालवायचंय."

काका गेले, पण दारात थांबून, "कारल्यासारखं तोंड करू नका हो, उद्या सभेत आम्ही आहोतच तुमच्या पाठीशी," असं म्हणून गेले.

कवळी रात्रीच्या जेवणापूर्वी तयार झाली. अप्पांनी ती घातली, आरशासमोर उभे राहिले, आणि सबंध दिवसात पहिल्यांदा बोलले. "नमस्कार." घरात सगळ्यांना एकदम बरं वाटलं. सूनबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. प्रबंधाने तिला आजवर एकदाही नमस्कार केला नव्हता. "आज काहीही चावू नका अप्पा, उद्या सकाळपर्यंत," तिने बजावलं.

अप्पा सकाळपर्यंत थांबले. सकाळी मात्र त्यांनी टोस्ट घेतला, आणि चहात बुडवला नाही. दात असलेल्या माणसाने टोस्ट कसा खावा हे त्यांना सासूबाईंना दाखवायचं होतं. टक्.

"मोडला," चिमणी म्हणाली. "टोस्ट नाही, आजोबांचा दात."

सूनबाई तुकड्यांकडे पाहत राहिली. तडा जोडाच्या रेषेतूनच गेला होता. तिच्या प्रबंधातल्या तक्त्यात हेच तर होतं! आच न लावता घट्ट झालेलं ॲक्रिलिक सगळ्यात आधी मोडतं. यंत्रात मोडलं की तिला आनंद व्हायचा. सासऱ्यांच्या तोंडात मोडलं तेव्हा तो झाला नाही.

"म्हणजे तुला माहीत होतं मोडणार?" नवरा म्हणाला. हा संगणकाच्या कंपनीत होता आणि दुसऱ्याच्या कामातली चूक शोधण्याचा त्याला पगार मिळत असे.

"सरासरीने माहीत होतं. एका माणसाचं कसं सांगणार?"

"मग मायक्रोवेव्ह वापर ना. पाच मिनिटांत काम."

"साचा पितळेचा आहे. ठिणग्या उडतील."

"थोड्या उडतील."

"तुमचं ते थोडं तुमच्या ऑफिसात करा," सूनबाई म्हणाली, आणि तिने मोठं पातेलं खाली काढलं.

आता ती खरी पद्धत करणार होती, संथ शिजवण्याची. जोडाची जागा रुंद करायची, कवळी प्लास्टरमध्ये बसवायची, फटीत ताजं ॲक्रिलिक दाबायचं, साचा आवळून पाण्यात ठेवायचा. पाणी चांगलं गरम पाहिजे, पण उकळता कामा नये. घाई केली तर आतला द्रव शिजण्याआधी उकळतो आणि त्याचे बुडबुडे आतच अडकतात. वरून दिसायला झकास, आतून जाळी. म्हणून दुपार ओलांडेपर्यंत मंद आच, शेवटी थोडी उकळी, आणि मग साचा त्याच पाण्यात आपला आपण गार होऊ द्यायचा. तिच्या तक्त्यात ही पद्धत पहिल्या नंबरवर होती. तक्ता करताना यंत्राच्या खोलीत कुणी राहत नव्हतं, एवढाच काय तो फरक.

"या पातेल्याला कुणीही हात लावायचा नाही," तिने सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. घरच्या माणसांनी एकमताने मान डोलावली की सावध व्हायला हवं, पण ती झाली नाही.

सकाळ तिने पातेल्याशेजारी स्टुलावर काढली. थर्मामीटर बघायचा, आच जराशी कमी, जराशी जास्त. दुपारी चिमणी येऊन मांडीत शिरली. "आई, झोपव ना." आई दोन दिवस गुलाबी कालवणाच्या मागे होती आणि पोरीने एकदाही तक्रार केली नव्हती, आता ती डोळे चोळत उभी होती. सूनबाईने तिला थोपटायला आत नेलं. चिमणीचा हात गळ्यात पडला, तिच्या केसांना वाळूचा वास येत होता, आणि झोपवणाऱ्या बाईचं जे होतं ते झालं. मूल जागं राहिलं आणि आई झोपली.

स्वयंपाकघर मोकळं पडलं.

पहिल्यांदा सासूबाई आल्या. पातेल्यात डोकावल्या. इतके तास झाले तरी पाण्याला एक बुडबुडा नाही! पन्नास माणसांचा स्वयंपाक एकहाती केलेली बाई ती. कच्चं राहिलेलं त्यांना बघवेना. त्यांनी आच मोठी केली. "पोर दमलीय बिचारी, तेवढाच हातभार," असं स्वतःशी म्हणाल्या आणि झाकणही ठेवलं. पाणी खळखळा उकळलं. मग सर्वज्ञकाका आले, अप्पांची चौकशी करायला. खळखळ ऐकून त्यांनी गॅसच बंद केला, कारण कुठलीही गोष्ट जास्त शिजली की तिच्यातलं सत्त्व जातं. मग नवरा पाणी प्यायला आला. गॅस बंद, म्हणजे झालं असणार, हा त्याचा तर्क. आणि सभेला आता फार वेळ नव्हता, म्हणून बायकोला मदत व्हावी या शुद्ध हेतूने त्याने साचा चिमट्याने उचलला आणि नळाखाली धरला. चर्र झालं. एवढ्यात अप्पा आले. त्यांनी पाटीवर "छान" लिहिलं.

चौघांपैकी एकाचाही हेतू वाईट नव्हता. तिने नंतर पुष्कळ विचार केला, पण रागवायला तिला एक माणूस मिळाला नाही.

साचा फोडून कवळी बाहेर काढली तेव्हा ती बाहेरून चकचकीत होती. सूनबाईने ती खिडकीच्या उजेडात धरली. जोडाच्या आत बारीक बारीक बुडबुडे होते, जाळीदार पावाच्या तुकड्यासारखे. पाणी उकळलं होतं. त्यात गरम साच्यावर गार पाणी, म्हणजे कवळीने थोडं अंगही चोरलेलं. तक्त्यात या जातीच्या पट्ट्या कुठल्या रांगेत असतात ते तिला पाठ होतं.

"झाली?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचा चेहरा इतका आशाळभूत होता की तिला "कुणी हात लावला?" म्हणवेना.

"झाली, आई."

ती अप्पांच्या खोलीत गेली. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून पलंगाच्या कडेला बसले होते, पहिल्या दिवशी शाळेला निघालेल्या मुलासारखे. तिने कवळी त्यांच्या हातात ठेवली.

"अप्पा, ही बोलण्यापुरती टिकेल. चावण्यापुरती नाही. आणि रागावलात तर दात आवळू नका. तुम्हाला सवय आहे."

अप्पांनी कवळी बसवली. जरा कुरकुरत बसली. "मला," ते स्वच्छ आवाजात म्हणाले, "राग येतच नाही." सासूबाई दारातून खोकल्या.

सभा तळमजल्यावर होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक टेबल, टेबलामागे चेअरमन. चेअरमन बोलायला गोड होता. त्याने सांगितलं की इमारत वाढतेय, गाड्या वाढताहेत, आणि मुलांवर आपल्या सगळ्यांचंच प्रेम आहे. मग अप्पा उभे राहिले.

पहिल्या वाक्यालाच खुर्च्यांची करकर थांबली. कित्येकांनी तो आवाज लहानपणी रेडिओवर ऐकला होता. अप्पा काही मोठं बोलत नव्हते. घसरगुंडीवरून पहिल्यांदा एकटं उतरलेलं मूल खाली आल्यावर आधी वर कुणाकडे बघतं, एवढंच सांगत होते. सूनबाई श्वास रोखून त्यांच्या जबड्याकडे बघत होती. भाषणाकडे लक्ष नसलेली श्रोत्यांतली ती एकटीच.

"भावना समजल्या अप्पा," चेअरमन मध्येच हसत म्हणाला. "पण मुलं काय हो, कुठेही खेळतात. जिन्यात खेळतील."

"अप्पा, नको," ती पुटपुटली.

अप्पांचा जबडा आवळला. टक्.

सगळ्यांनी ऐकलं. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. अप्पांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. सूनबाईला वाटलं आता हे खाली बसणार, पाटी मागणार, आणि या सगळ्याला आपण कारण. ती उठायला लागली तेवढ्यात अप्पांनी खिशातून रुमाल काढला, कवळीचे दोन्ही तुकडे भर सभेत तोंडातून काढून त्यात गुंडाळले, रुमाल खिशात ठेवला, आणि पुढे बोलायला लागले.

गाल आत गेलेले. शब्द मऊ, भिजलेले, कडा झिजलेले. जन्मभर ज्या उच्चारांना त्यांनी जपलं ते एकामागून एक ओठांतून निसटत होते आणि ते थांबत नव्हते. "जिन्यात आम्ही म्हातारे खेळू," असं काहीसं ते म्हणाले. "आम्हाला आता पडायची सवय झालीय. मुलांना पडायला वाळू लागते." हसणारा गप्प झाला होता. सासूबाई पदराने डोळे टिपत होत्या, आणि नवऱ्याने कधी नव्हे ते फोन उलटा ठेवला होता.

अप्पा बसले आणि टाळ्या सुरू झाल्या. साध्यासुध्या नव्हेत, उभं राहून. सर्वज्ञकाका तर खुर्चीवर चढून वाजवत होते. पहारेकऱ्याने शिटी मारली. चेअरमनसुद्धा वाजवत होता, सगळ्यांत जास्त वेळ. चिमणी आजोबांच्या मांडीवर चढून नाचत होती. झालं! सूनबाईला वाटलं, जिंकलो. मोडक्या कवळीने जिंकलो.

टाळ्या पूर्ण थांबेपर्यंत चेअरमन सभ्यपणे थांबला. मग म्हणाला, "फारच सुंदर. आता ठराव घेऊ. सकाळी मी प्रत्येक घरी येऊन कोणाची गाडी कुठे लागेल ते सांगितलंच आहे. मागच्या जागेत गाड्या लावायला ज्यांचा विरोध असेल त्यांनी हात वर करावा."

सकाळी दार वाजलं होतं आणि नवऱ्याने उघडलं होतं, हे सूनबाईला आत्ता आठवलं. पातेल्यापाशी बसून तिने विचारलं होतं, कोण? कुणी नाही, असं तो म्हणाला होता.

अप्पांचा हात वर गेला. तिचा गेला. सासूबाईंचा गेला. नवऱ्याचा हात जरा वेळाने निघाला आणि कोपरात वाकलेलाच राहिला, रिक्षा थांबवताना असतो तसा. सर्वज्ञकाका खुर्चीवरून उतरून बुटाची नाडी बांधत होते, आणि पायात त्यांच्या चपला होत्या. बाकीची सगळी माणसं समोर भिंतीकडे बघत होती. भिंतीवर काही नव्हतं.

चिमणीने आपले दोन्ही हात वर केले, टाचा उंचावून, बोटं पसरून. मग मान वळवून तिने मागच्या रांगा एकेक करून पाहिल्या, आणि हात खाली न घेताच आईला विचारलं,

"आई, आत्ता टाळ्या वाजवत होते ते सगळ्यांचे हात कुठे गेले?"